पलंगाखालचा ॲम्प

३ मार्च, मंगळवार

ही वही फिजिओवालीने दिली. म्हणाली, आजी, खांदा किती दुखला ते रोज लिहायचं, आणि वजन अजिबात उचलायचं नाही. मी म्हटलं, बाई, हॉटेलच्या लॉन्ड्रीत ओल्या चादरींचे गठ्ठे उचलण्यात माझा जन्म गेला, मला वजन शिकवू नका. तर नुसती हसली. दात चांगले आहेत तिचे.

खांदा: दुखत नाही.

एवढ्याने पान भरेना, म्हणून बाकीचंही लिहिते. वाचायला कोण येतंय.

नातीचा ॲम्प मेला. गिटारचा आवाज मोठा करणारं ते खोकं. शनिवारी कॉफीच्या दुकानात कार्यक्रम ऐन रंगात, आणि हे आधी खरखरलं, मग जळका वास, मग चिडीचूप. पोर तशीच वाजवत राहिली. दुसऱ्या टेबलापलीकडे कुणाला काही ऐकू गेलं नसेल. मी ॲम्पला खेटूनच बसलेली असते, त्यामुळे वास पहिला मला आला. मी होते म्हणून कळलं, नाहीतर दुकान पेटलं असतं.

नवा घ्यायचा आहे. मी बरोबर जाणार. पोर भोळी आहे, दुकानदार तिच्या गळ्यात काहीही मारेल.

४ मार्च, बुधवार

खांदा: नाही.

खालच्या मजल्यावरची शिंपीण कोटाचं बटण लावून द्यायला आली आणि तासभर बसली. विचारते, नवा ॲम्प ठेवणार कुठे? कुठे म्हणजे? माझ्या पलंगाखाली, जुना होता तिथेच. पोर राहते त्या खोलीत तिघी जणी, पाय ठेवायला जागा नाही. कार्यक्रम असला की ती दुपारीच इकडे येते, जेवते, माझी उशी घेऊन आडवी होते. मग ॲम्प भाजीच्या चाकांच्या पिशवीत घालून आम्ही दोघी बसने निघतो. पिशवी मी ओढते. तिच्या पाठीवर गिटार असते, तिला जमणार नाही.

शिंपीण म्हणाली, म्हणजे ॲम्पसाठी येते म्हणा की.

जिभेला हाड नाही बाईच्या. माझी लेक गेली तेव्हापासून ही पोर माझ्या हाताखाली वाढली. ॲम्प नसता तरी आली असती. कार्यक्रम नसतो त्या आठवड्यात येत नाही, कारण त्या आठवड्यात तिला कामं असतात.

७ मार्च, शनिवार

दुकानात जाऊन आलो. मी, पोर, आणि तो ड्रमवाला. त्याला मी ढोल्या म्हणते. अंगाने काडी आहे, पण ढोल बडवतो म्हणून ढोल्या.

दुकानदाराने विचारलं, कुठे वाजवता, माणसं किती. पोर म्हणाली, छोट्या जागा, पन्नास-साठ माणसं, सोबत ड्रम. त्याने तीन खोकी पुढे केली. पहिलं जुन्या पद्धतीचं, आत बल्बसारख्या काचेच्या नळ्या, तापल्या की आवाज गोड होतो म्हणे. पोरीने त्यावर वाजवलं आणि डोळेच मिटून घेतले. मी ते उचलून पाहिलं. म्हणजे एक बाजू उचलली. दुसरी उचलायची गरज नव्हती, अंदाज आला. दुसरं मधल्या वजनाचं, ना इकडचं ना तिकडचं. तिसरं बॅटरीवरचं, वर कडी, एका हातात मावतं. मी म्हटलं, हेच बांधा.

दुकानदार म्हणाला, आजी, हा घरी सराव करायचा. ड्रम सुरू झाला की याचा आवाज कुणापर्यंत पोचणार नाही. मी म्हटलं, तुम्हाला मोठं खोकं खपवायचंय ते सांगा ना सरळ.

मग ढोल्या बोलला. त्याच्या मामाची व्हॅन आहे. म्हणाला, नळ्यांवालाच घे, मी नेईन-आणीन, व्हॅनमध्येच पडून राहील.

व्हॅनमध्ये पडून राहील! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळ्यांसमोर सुनावलं. व्हॅन आज आहे, उद्या नाही. मामा आज हसतोय, उद्या फुगेल. वस्तू अशी घ्यावी की एकटीने उचलली आणि चालू पडली. हलकं ते आपलं. दुसऱ्याच्या गाडीवर विसंबलीस की त्याच्या तालावर नाचावं लागतं.

पोर गप्प झाली. एकदम पटलं तिला, चेहऱ्यावर दिसलं.

बॅटरीवालं आठवडाभर वापरून बघायला दिलंय. आता पलंगाखाली आहे. आत हात घालून दोनदा पाहिलं, नीट बसलंय.

१४ मार्च, शनिवार

पुस्तकांच्या दुकानात कार्यक्रम. ॲम्प मी एकटीने नेला, एकटीने लावला. आवाज काय सुरेख! प्रत्येक तार वेगळी ऐकू येत होती.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, गिटार ऐकू येत नाही. असतात एकेकाचे कान. पोरीने आवाज पूर्ण वाढवला तर ते फाटक्या कापडासारखं बोलायला लागलं. ढोल्याने एक काठी खाली ठेवली आणि उरलेल्या काठीने हळूहळू टकटक करत बसला, पाहुण्यांच्या दारावर वाजवतात तशी. तोंड मात्र एवढं फुगवलं होतं.

परतताना बसमध्ये पोर खिडकीबाहेर बघत होती. दमली असेल. मग म्हणाली, आजी, तू अगदी शेजारी बसतेस ना, म्हणून तुला ऐकू येतं.

मग बाकीच्यांनीही जवळ बसावं. त्यांना काय धाड भरली आहे?

खांदा: डावा दुखत नाही. उजव्याचं कुणी विचारलेलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

नळ्यांवालं खोकं आलं. आठवडाभर वापरून बघायचंय. ढोल्याने खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर आणलं, धापसुद्धा लागली नाही मेल्याला. व्हॅनमध्ये ठेवायचं नाही, हे मीच ठणकावून सांगितलं होतं.

पलंगाखाली जाईना. पलंगाच्या चारही पायांखाली विटा घातल्या. आता खोकं आत जातं. रात्री झोपताना मला स्टूल लागतं, पण उंचावर हवा चांगली लागते.

उद्या मोठा दिवस. कॉफीच्या दुकानाची मालकीण दर महिन्याचा एक शनिवार कुणाला तरी कायमचा देणार आहे. उद्या सहा वाजता ती पोरीचं ऐकणार. व्हॅन पाच वाजता येणार. मी ठरवलंय, त्याच्या आतच खोकं खाली नेऊन ठेवायचं. एकदा दिसलं सगळ्यांना की आजीला जमतं, की व्हॅनचा विषय संपला.

२१ मार्च, शनिवार

हा जिना चुकीचा बांधलाय. पायऱ्या अरुंद, वळण आखूड. बांधणाऱ्याने कधी सामान नेलं नसणार.

पोर जेवून झोपली होती. मी खोकं पायरी पायरी उतरवत आणलं. पहिला मजला... म्हणजे वरून पहिला, आरामात. वळणावर ते माझ्या अंगावर कललं. पडलं नाही, कललं. मी खालच्या पायरीवर, ते माझ्या खांद्यावर. वर ढकलता येईना, खाली सोडता येईना. सोडलं असतं तर नळ्या फुटल्या असत्या. म्हणून धरून उभी राहिले. हाक मारली नाही. पोरीची झोपमोड कशाला.

शिंपीण वर येत होती, तिने बोंब ठोकली. मग पोर धावली, तशीच अनवाणी. तिघींनी मिळूनही ते हलेना. ढोल्या आला तेव्हा सुटले. तोवर माझा उजवा हात माझा राहिला नव्हता. पोर म्हणाली, दवाखाना. मी म्हटलं, तू आधी तुझं वाजवून ये. ऐकलं नाही. हात धरून बसली तिथे बाकावर.

सहाची वेळ गेली. मालकीणबाईंनी दुसऱ्या कुणाचं ऐकलं.

पोर एका शब्दाने बोलली नाही. चिडली असती तर मी दोन शब्द ऐकवले असते. तीही सोय ठेवली नाही.

२४ मार्च, मंगळवार

शनिवारपासून डाव्या हाताने लिहितेय. अक्षर तसंही काही मोत्याचं नव्हतं.

फिजिओवालीने हात गळ्यात बांधलाय. मागची पानं दाखवा म्हणाली. घरी राहिली म्हटलं. वही पिशवीतच होती.

पोर आली होती. म्हणाली, आजी, चूक माझीच. तुला हे ओढायला लावायलाच नको होतं. मी म्हटलं, लावलं कुणी? मी माझ्या मर्जीची मालकीण आहे. पण ती ऐकत नव्हती, ती मनात काहीतरी ठरवत होती. लहानपणापासून काही ठरवलं की खालचा ओठ चावते. तिची आईही तेच करायची.

माझंही ठरलंय. आठ-पंधरा दिवसांत हात मोकळा. मग मधल्या वजनाचं खोकं घ्यायचं. मी आधी उगाच त्याला नावं ठेवली.

२८ मार्च, शनिवार

पोर उड्या मारत आली. डोळे मिट म्हणाली. हातात काहीतरी ठेवलं. साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात, एवढी डबी. मी म्हटलं, हे काय? म्हणाली, ॲम्प. म्हणजे ॲम्पच्या बदली. ही पायाशी ठेवायची, गिटारची वायर इकडून आत, तिकडून बाहेर, ती सरळ हॉलच्या स्पीकरला. आतून नळ्यांच्या खोक्यासारखाच आवाज काढते. खोकंच नको. गिटारच्या पिशवीच्या कप्प्यात मावते.

म्हणाली, तूच सांगितलंस ना आजी, एकटीने उचलली आणि चालू पडली, अशी वस्तू घ्यावी? दुकानदाराला मी शब्दाला शब्द तेच सांगितलं. तर तो म्हणाला, मग ही घ्या.

डबी माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर राहिली. खरंच काही वजन नव्हतं.

छान आहे म्हटलं. 

म्हणाली, आता तू आरामात यायचं. नुसतं ऐकायला. मी तुला पहिल्या रांगेत बसवते. मी म्हटलं, नुसतं बसायला मला वेळ नाही. रिकाम्या हाताने मी कुठे गेले नाही आजवर. ती म्हणाली, ये ना गं. मी म्हटलं, खांदा दुखतो.

जाताना तिने ढोल्याला बोलावून पलंगाखालच्या विटा काढवल्या. म्हणाली, स्टुलावरून पडशील.

४ एप्रिल, शनिवार

आज कार्यक्रम. पोर इकडे आली नाही, तिच्या खोलीवरून परस्पर गेली. तिथून जवळ पडतं. दुपारी फोन होता, येतेस का म्हणून. नाही म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारायचं असतं हे या पोरींना कुणी शिकवत नाही.

दुपारचं जेवण जास्त झालं. डाव्या हाताने अंदाज चुकतो.

६ एप्रिल, सोमवार

हात सुटला. फिजिओवाली खूश.

डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे. ती डबी दगा देणार. एवढ्याशा डबीत एवढा आवाज राहतो, हे मुळात पटण्यासारखं नाही. ऐन कार्यक्रमात बंद पडणार, आणि तेव्हा यांची पळापळ होणार. तेव्हा लागणार कोण?

दुकानात जाऊन बॅटरीवालं ते हलकं खोकं घेऊन आले. दुकानदार म्हणाला, आजी, हे वाजवणार कोण? मी. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, चार्जर द्या. ड्रमपुढे चालत नाही हे माहीत आहे मला. पण वेळेला काहीच नसण्यापेक्षा बरं.

आता बेत असा. कार्यक्रमाच्या दिवशी बॅटरी भरून ठेवायची. खोकं चाकांच्या पिशवीत, दाराशी. टॅक्सीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहिलाय. फोन आला की निघायचं. बोल लावायचा नाही कुणाला. नुसतं नेऊन ठेवायचं आणि बसायचं शेजारी.

११ एप्रिल, शनिवार

सायंकाळी ६. बॅटरी पूर्ण. चांगले कपडे घातले, चपला घातल्या. त्याच कॉफीच्या दुकानात आहे कार्यक्रम. ज्यांना शनिवार मिळाला होता ते टिकले नाहीत, म्हणून मालकीणबाईंनी पोरीला पुन्हा संधी दिली.

७. सुरू झालं असेल. शिंपीण डोकावली, म्हणाली, कुठे निघालात? कामावर, म्हटलं.

७:२०. फोन नाही. चालतंय म्हणजे. चालू दे. मला काही त्यांचं वाईट व्हावं असं वाटत नाही.

७:४५. फोन उचलून पाहिला. चालू आहे. शिंपिणीला माझ्या फोनवर रिंग द्यायला सांगितलं. वाजला.

८:३०. संपलं असेल. चपला काढल्या. पाय सुजतात.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी पोरीचा फोन. आवाजावरूनच कळलं, हसत होती. म्हणाली, आजी, काय मजा झाली काल! दुसऱ्याच गाण्याला डबी बंद. ठप्प.

मी खुर्चीतून उठलेच. मी म्हणालेच होते! म्हटलं, मग?

मग काही नाही, म्हणाली. नंतर वाजवणार होते त्यांचा ॲम्प तिथे पडलेलाच होता, त्यात वायर लावली, दोन मिनिटं गेली असतील. उलट लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकीणबाईंनी दर महिन्याचा शनिवार आम्हालाच दिला.

छान झालं म्हटलं. खरंच छान झालं. मग विचारलं, मला फोन का नाही केलास?

तुला? अगं आजी, तुला कशाला त्रास? सुरूच उशिरा झालं, साडेसात होऊन गेले होते. म्हटलं, तू झोपली असशील.

मी म्हटलं, हो गं. झोपलेच होते.