रद्दीच्या कंटेनरमधून तीनशे अंक परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
कागद संकलन विभाग,
नगरपालिका, ओल्डरवाइक

विषय : कंटेनरचे कुलूप एक तास उघडून मिळण्याबाबत.
संदर्भ : ब्रास बँडचे प्रमुख श्री. हूक्स्ट्रा यांच्याशी आज फोनवर झालेले बोलणे.

महोदय,

आज सकाळी वॉशिंग मशीनची शिटी वाजली तेव्हा घर शांत होते. धाकटा नुकताच झोपला होता. मी लगबगीने उठले, तर दाराबाहेरच्या पायरीवरचे गठ्ठे दिसेनात.

१. त्यांत 'स्खेव्ह तोन' (म्हणजे 'वाकडा सूर') या माझ्या डच मासिकाच्या एक्केचाळिसाव्या अंकाच्या सर्व, म्हणजे तीनशे, प्रती होत्या. रेडिओवर न लागणाऱ्या संगीताबद्दल आम्ही लिहितो. आम्ही म्हणजे मी. मैत्रीण हानेके दहाला सायकलगाडी घेऊन दुकानांत पोचवायला येणार होती, म्हणून गठ्ठे बाहेर ठेवून मी बाळाला पाजायला आत गेले.

२. आज दुसरा शनिवार. या दिवशी बँडवाले वाद्यांच्या खर्चासाठी रद्दी गोळा करतात, आणि नऊच्या आत दारात सुतळीने बांधून ठेवलेला कागद म्हणजे रद्दी, हे गावातले शेंबडे पोरही जाणते. याच बँडवर दोन पाने लिहूनही मी वार विसरले. शेजारच्या विबेंगाकाकू म्हणाल्या, "अगं, दोन गाठी सुटत होत्या, मीच आवळून दिल्या. ट्रकवर चढवूही लागले!" मी त्यांचे आभार मानले.

३. सदर लेखात बँडच्या वादनास मी 'चढावर दमलेला ट्रॅक्टर' म्हटले आहे. श्री. हूक्स्ट्रा म्हणाले, "वाचलं हो ताई! ट्रॉम्बोनवाल्यानं ट्रकमध्ये मोठ्यांदा वाचून दाखवलं. ट्रॅक्टर झकास जमलाय. पण कुलूप साहेबांचं आहे, चिठ्ठी आणा, मग शोधायला आम्ही सगळे येतो." माझ्या मासिकाचे जाहीर वाचन यापूर्वी झालेले नाही, हे नमूद करते.

४. कंटेनर मंगळवारी लगदा करायला जातो. छापणाऱ्या मित्राचे यंत्र याच अंकानंतर कायमचे बसले. पुन्हा छपाई नाही. मासिक म्हणवले तरी हा अंक अकरा महिन्यांनी, बाळाच्या डुलक्यांमध्ये लिहून झाला. काही वाक्ये धाकटा उठल्याने अर्धीच राहिली. वाचक त्यास शैली समजतील अशी आशा होती.

५. कागदाचे वजन भरून द्यावे लागल्यास पलंगाखालचे जुने अंक देईन. ते कोणी उघडलेले नसल्याने नवेच धरावेत.

तरी सोमवारी कुलूप उघडून द्यावे, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र व वार विसरलेली,
रोस डायक्मन
१२ ऑक्टोबर २०१९

सोबत : अंकाची प्रत (कंटेनरमध्ये).

ता. क. : चार वर्षांची फेना शेजारी बसून विचारते आहे, "आई, तीनशे म्हणजे खूप ना? तेवढी वाचणारी माणसं आहेत का?"