सतरा क्रमांकाचा दाता

१२ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले, आणि लाल शाईने तपासून परत पाठवलेले माझे मागचे पत्रही मिळाले. आत्या, लोक पत्राला उत्तर पाठवतात, गुण देत नाहीत.

इकडे आमच्या वर्गातले सगळे डॉक्टर झाले. मी तेवढी निम्मे वैद्यक शिकून मध्येच लॅबमध्ये उतरले, आणि आता पीएच.डी. उरकून पुन्हा वॉर्डात जायच्या खटपटीत आहे. जुने सोबती कॅन्टीनमध्ये भेटले की विचारतात, अजून उंदीरच मारतेस का. उंदीर नाहीत, माणसांचे रक्त आहे, हे सांगून मी दमले. सांधे सुजणाऱ्या रोग्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी निरोगी माणसांच्या पेशींहून वेगळ्या दिसतात का, हे स्लाइडवर डोळ्यांनी पाहायचे आणि नोंदवायचे, एवढे माझे काम. निरोगी दाते मिळेनात, म्हणून हिवाळ्यात मी दिसेल त्याचा दंड पकडला. तू, बाबा, वसतिगृहाच्या मेट्रनबाई, लॅबमधली निम्मी माणसे, कोणालाही सोडले नाही. नावे एथिक्स कमिटीच्या कुलपात आहेत. माझ्याकडे फक्त क्रमांक. प्रत्येक स्लाइड मी दोनदा वाचायची, मध्ये काही महिने जाऊ देऊन. वाचणारीला एका जरी दात्याची ओळख कळली, तर तिचे सगळे वाचन बाद. हा नियम तुला आवडेल.

आता मुद्दा. निरोगी दात्यांपैकी सतरा क्रमांकाच्या स्लाइडवर पांढऱ्या पेशींची दाटी आहे. सगळ्या लहान, गोल, एकाच साच्यातून काढल्यासारख्या. आणि मध्ये मध्ये फुटलेल्या पेशींचे डाग. गाईडसरांनी एकदा डोकावून सांगितले की रक्त पसरताना कोणाचा तरी हात जड पडला, ही गाळ आणि पुढे चल. मला ती गाळवत नाही. मला वाटते, तो माणूस आजारी आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. कमिटीकडे जावे, तर चौकशी होईपर्यंत काम बंद राहील आणि ऑक्टोबरातली वॉर्डातली माझी जागा हुकेल. तू सारा जन्म मायक्रोस्कोपला डोळा लावून विकृतिशास्त्र शिकवलेस. मी काय करू, ते लिही.

तुझ्या लोभाची आणि कमी लाल शाईची अपेक्षा करणारी,
टिटवी

२० जून

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

या वेळी शाई निळी आहे, याची नोंद घ्यावी.

फुटलेल्या पेशी म्हणजे पसरवणाऱ्याचा हात. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या महिन्यात सांगत असे, आणि त्यांतली मठ्ठ मुलेही ते लक्षात ठेवत. तुला तिथे रोग दिसतो, कारण तुला तिथे रोगी हवा आहे. दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्याचे असेच होते, हे तुझ्या प्रवेशाच्या वेळी मी तुझ्या वडिलांना बजावले होते. वॉर्डात असताना तुला प्रयोग आठवत, आणि आता लॅबमध्ये बसलीस तर रोगी आठवतात. अर्धा वैद्य आणि अर्धा संशोधक यांची बेरीज एक होत नाही, बाळ.

स्लाइड गाळू नकोस. गाळणे हा आळशीपणा आहे, आणि तुझ्या सरांच्या अंगात तो मुरलेला आहे. माझ्या हाताखाली शिकत होते तेव्हाही होता. तिच्यापुढे 'वाचनास अयोग्य' असे कारणासह लिही आणि पुढच्या स्लाइडकडे वळ. कमिटीकडे मात्र जाऊ नकोस. निष्कर्ष कळवले जाणार नाहीत, या अटीवर प्रत्येक दात्याने सही केली आहे. मीही केली आहे, आणि मी न वाचता सही करत नाही. सही करणारी माणसे कुक्कुली बाळे नव्हेत. एका बिघडलेल्या स्लाइडपायी वर्ष गमावशील, आणि त्या बिचाऱ्या माणसाला विनाकारण घाबरवशील ते वेगळेच. टिटवीने समुद्र आटवला असे म्हणतात. प्रत्यक्ष पाहणारा मला अजून भेटलेला नाही.

माझी प्रकृती उत्तम. थोडा थकवा जाणवतो, तो वयाचा. तुझे जेवण वेळेवर होत असेल असे गृहीत धरते, पुरावा नसताना.

आशीर्वाद आहेतच; ते मागावे लागत नाहीत.
तुझी आत्या

१५ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पाठ होईपर्यंत वाचले आणि त्याच्या नेमके उलट केले. तेव्हा हे पत्र बसून वाच.

प्रत्येक दात्याची एक जादा स्लाइड आम्ही ठेवतो, आणि ती दुसरा तंत्रज्ञ पसरतो. सतराची ती स्लाइड मी काढून पाहिली. तीच दाटी, तेच डाग. दोन निरनिराळ्या माणसांचे हात एकाच माणसाच्या रक्तावर सारखेच जड पडतात, हे तू कोणत्या वर्षाच्या मुलांना शिकवत होतीस? माफ कर. तुझीच सवय लागली आहे.

सरांना ती दाखवली, तर म्हणाले की योगायोग असतो. मग मी कमिटीकडे अर्ज दिला. कमिटीने लॅबला टाळे लावले, तज्ज्ञाला बोलावले, आणि शेवटी तिच्या अध्यक्षबाईंनी एवढेच सांगितले की दात्याला त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांमार्फत कळवले जाईल, आणि यापुढे मी काही विचारायचे नाही. तो दाता बाई आहे की पुरुष, हेही मला ठाऊक नाही. सही सगळ्यांनी केली हे खरे. पण वॉर्डात असताना एक शिंपी होता, उशिरा आलेला. तो म्हणाला होता की दुखत नव्हते, तर कशाला येणार. मला त्याचे नाव आठवत नाही, पण ते वाक्य जात नाही.

ऑक्टोबरातली जागा गेली. पुढची वर्षानंतर. सर माझ्याशी कामापुरतेसुद्धा बोलत नाहीत; टेबलावर चिठ्ठ्या ठेवतात. बाबा म्हणाले की जे झाले ते झाले, त्यांचे नेहमीचे. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. तरी लिही. रागाव, पण लिही.

तुझी आज्ञा मोडलेली,
टिटवी

३ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकट्याने वाच, आणि वाचून झाल्यावर घरी कोणापाशीही त्याचा उच्चार करू नकोस. मुलीपाशी तर मुळीच नाही.

मागच्या आठवड्यात आपल्या डॉक्टरांनी मला दवाखान्यात बोलावून घेतले. इतका वेळ हवापाण्याच्या गप्पा मारणारा डॉक्टर वाईट बातमी घेऊन बसलेला असतो, हे मी ओळखते. त्यांना म्हटले, उगाच पाल्हाळ लावू नका. त्यांच्यापुढे संस्थेचे पाकीट होते. सतरा क्रमांकाचा दाता मी आहे.

मी ती स्लाइड मागवून घेतली. डॉक्टर नको म्हणत होते, पण माझ्यापुढे त्यांचे काही चालत नाही. आपल्या मागच्या खोलीत, माझ्या जुन्या मायक्रोस्कोपखाली, भर दुपारी, मी माझे स्वतःचे रक्त पाहिले. धाकट्या, त्यात शंका घ्यायला जागा नाही. ज्या पेशी इतकी वर्षे मी मुलांना बोटाने दाखवल्या, त्याच. रोग आहे रक्ताचा, सावकाश चालणारा, पण या चालीतही तो बराच पुढे आलेला आहे. या वयात मी थकव्याला वयाच्या खात्यात टाकले. कोणी विद्यार्थी असे करता तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते. आणि मुलीने वर्णन लिहून पाठवले, ते अचूक होते. मी ते न पाहता खोडले. हात जड पडला म्हणाले. सारे शास्त्र माझ्या बाजूला होते. फक्त ते खरे नव्हते.

आता महत्त्वाचे. तिचे दुसरे वाचन व्हायचे आहे. मी कोण हे तिला कळले, तर नियमाप्रमाणे तिचे पहिले वाचनही बाद होईल आणि इतक्या वर्षांचे काम मातीला मिळेल. माझ्यासाठी तिने एक वर्ष घालवले आहे, न जाणता. जाणून दुसरे घालवू द्यायचे नाही. तेव्हा तिचा प्रबंध मान्य होईपर्यंत मी ठणठणीत आहे. तुला खोटे बोलता येत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून तू फक्त गप्प बस. ते तुला उत्तम जमते.

औषध सलाइनमधून द्यायचे आहे. एकटीने जाऊ नये असे डॉक्टरांचे म्हणणे.

तुझी ताई

१० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचले. मग ड्रॉइंग बोर्डापाशी जाऊन बसलो आणि एका पुलाच्या नकाशात एक खांब दोनदा काढून ठेवला. साहेबांनी विचारले, हा पूल आहे की कुंपण.

तुझे म्हणणे मला पटत नाही. मी नकाशे काढणारा माणूस, मला तुमचे नियम कळत नाहीत. पण आत्या आजारी असताना भाचीला सांगू नये, हा कुठला नियम? तिला उद्या कळेल तेव्हा ती तुला विचारणार नाही, मला विचारेल. आणि तू आणखी आजारी पडलीस तर? प्रबंध मान्य होईतो वाट पाहा, असे रोगाला तू सांगणार आहेस का? तुझा स्वभाव पाहता सांगशीलही.

तरी तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही. एक अट मात्र आहे, आणि ती तू मोडायची नाहीस. दर खेपेस मी येणार. सलाइन लागलेले असताना मी शेजारच्या खुर्चीवर बसेन, वर्तमानपत्र वाचेन, आणि तू नर्सला शिकवायला लागलीस की तुला थांबवेन. मुलगी विचारेल तेव्हा तुझा गुडघा दुखतो असे सांगेन. गुडघा खरोखर दुखतो ना? मग ते खोटे नाही.

जपून राहा. हे मी आयुष्यात पहिल्यांदा तुला सांगतो आहे.
धाकटा

१८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दुसरे वाचन संपले, प्रबंध दाखल झाला. परीक्षकांचे अहवाल यायचे आहेत. त्यांना वाटले तर काही स्लाइड पुन्हा वाचायला लावतील.

काल कॉलेजच्या सभागृहात माझे व्याख्यान झाले. सतरा क्रमांकाबद्दलही बोलले. सरांनी उठून सर्वांसमोर सांगितले की ती स्लाइड गाळ असे ते म्हणाले होते, आणि त्यांचे चुकले होते. चिठ्ठ्या बंद झाल्या, आता ते बोलतात. पहिल्या रांगेत एक खुर्ची मी तुझ्यासाठी राखली होती. ती शेवटपर्यंत रिकामी राहिली. बाबाही तुझ्यापाशी थांबले; म्हणाले, गुडघा. आत्या, तू ताप अंगात असताना परीक्षा घ्यायला गेलेली बाई आहेस. गुडघ्याने तू थांबत नाहीस.

तेव्हा मी समजायचे ते समजले. तुझे ऐकले नाही, म्हणून तू आली नाहीस. जुलैनंतरची तुझी पत्रे पोस्टकार्डाएवढी झाली आहेत, आणि त्यांत एकही चूक दाखवलेली नाही. तू माझ्या चुका काढणे सोडलेस, याचे मला किती वाईट वाटले, हे तुला कळायचे नाही. बरोबर ठरण्यासाठी मी ते केले नव्हते. कधी कधी तो दाता डोळ्यांपुढे येतो, चेहरा नसलेला. तो बरा आहे की नाही, हे मला कधीच कळणार नाही. निदान तू तरी अशी अनोळखी होऊ नकोस.

तुझी,
टिटवी

६ मे

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रबंध मान्य झाल्याचे कळले. विद्यापीठाच्या कार्यालयात मी स्वतः चौकशी केली. तुझे वडील म्हणाले होते, पण त्यांच्या सांगण्यावर मी कधी विसंबत नाही. अभ्यास रीतसर बंद झाला आहे. आता कोणताही नियम आड येत नाही, म्हणून एक गोष्ट सांगते. शांतपणे वाच.

सतरा क्रमांकाचा दाता मी आहे.

व्याख्यानाच्या दिवशी मी रुग्णालयात सलाइन लावून पडले होते. शेजारी तुझे वडील वर्तमानपत्र उलटे धरून बसले होते आणि दर थोड्या वेळाने घड्याळ पाहून म्हणत होते की आता ती उभी राहिली असेल. पत्रे लहान झाली, कारण लांब पत्रात मी स्वतःला लपवू शकत नाही. त्यांच्यावर रागावू नकोस. मी त्यांना गप्प बसवले होते. माझ्यावर रागवायचे असेल तर अवश्य रागाव. पण तुझ्या कामात माझ्यामुळे एका शब्दाचीही भेसळ होऊ द्यायची नव्हती, आणि पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन.

तू बरोबर होतीस. हे वाक्य मी फार थोड्या लोकांना लिहिले आहे, म्हणून ते सुटे लिहिते. लॅबमधल्या कोणाही संशोधकाने ती स्लाइड गाळली असती, आणि वॉर्डातल्या वैद्याच्या हाती ती कधी पडलीच नसती.

प्रबंध पूर्ण वाचला. भाषा सुधारली आहे. तिसऱ्या प्रकरणातला एक तक्ता बेशिस्त आहे, भेटीत दाखवीन. त्या स्लाइडच्या वर्णनाखाली तू लिहिले आहेस की दात्याची पुढील स्थिती ज्ञात नाही. ते वाक्य बदलू नकोस. लिहिलेस तेव्हा ते खरे होते. पुढील स्थिती तुला म्हणून कळवते. रोग गेलेला नाही, दबला आहे. किती काळ, ते डॉक्टरांना सांगता येत नाही आणि मी विचारत नाही. दाता जिना चढतो, मध्ये एकदा थांबतो. भूक बरी आहे. हाताला थोडा कंप आहे, अक्षरावरून दिसलाच असेल. वॉर्डात रुजू होण्यापूर्वी तू दोन दिवस येशील का, असे तो विचारतो आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
तुझी आत्या