अकरा स्क्रीन आणि आत्याचा आवाज

बाबा, तुमच्या बहिणीने माझ्यासमोर एका यंत्राची माफी मागितली, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे मी पुढे काय काम करू लागले हे तुम्हाला ठाऊक नाही. मी मोबाइलच्या ॲपमधल्या स्क्रीन आखते. कुठलं बटण कुठे, त्यावर शब्द काय, एकानंतर दुसरं काय यायचं, ते ठरवते. आमची कंपनी साबणाच्या डबीएवढं एक यंत्र विकते. ते भिंतीवर लावायचं, 'दिवा लाव' म्हटलं की दिवा लागतो, 'पंखा लाव' म्हटलं की पंखा. पण आधी ते मोबाइलला जोडावं लागतं आणि त्यासाठी आमच्या ॲपमध्ये अकरा स्क्रीन होत्या. माझ्याच हातच्या. लोक अर्ध्यात कंटाळून सोडून द्यायचे, म्हणून सगळं नव्याने करायचं कामही माझ्याकडेच आलं.

त्याच सुमारास आत्या पडली. तिन्हीसांजेला दिवा लावायला उठली आणि उंबऱ्याला पाय अडकला. हाड मोडलं नाही, पण धसका बसला. जन्मभर बर्फातले मासे हाताळून तिची बोटं वाकडी झालीत, गुडघे धरलेत, आणि तिचा मुलगा, आपला दादा, मासेमारीच्या बोटीवर गेला की ती चार-चार दिवस एकटी. मी म्हटलं, यंत्र तिलाच लावू. तिची सोय होईल आणि ॲप नेमकं कुठे अडतं ते मलाही कळेल. एका रविवारी बोईसरहून सातपाटीला तिच्याकडे गेले. मोबाइल तिच्या हातात दिला आणि शेजारी बसले. तिला वाचता येत नाही, म्हणून स्क्रीनवरचं मी वाचून दाखवत होते. सातव्या स्क्रीनवर यंत्राला आवाजाची ओळख करून द्यायला एक ठरलेलं वाक्य म्हणायचं असतं. 'कृपया बैठकीच्या खोलीतील दिवा सुरू करा.' मी वाचलं तसं आत्या म्हणाली. उत्तर आलं, 'तुमचा आवाज ओळखता आला नाही. पुन्हा प्रयत्न करा.' ती पुन्हा म्हणाली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने पदर सारखा केला आणि पालघरच्या सरकारी कचेरीत साहेबासमोर उभी राहिल्यासारखी जपून, एकेक शब्द सोडवत बोलली. तरीही तेच. मग ती भिंतीकडे बघून म्हणाली, "माफ कर रं बाबा, माजंच चुकते. आमची बोली तुला नाय समजत."

मी काय केलं असेल? मोबाइल ओढून घेतला आणि दोन मिनिटांत माझ्या आवाजात सगळं उरकलं. दिवा लागला. आत्याने तो बघितला आणि म्हणाली, "बरं झालं बाय. आता तू येशील तवा लावत जा."

परतताना बसमध्ये मला बेटेगावची आपली खोली आठवली. मी दहावीत आहे. शेजारच्या काकूंनी नवा मोबाइल घेतलाय आणि त्यात नंबर कसा साठवायचा ते मी त्यांना शिकवतेय. चौथ्यांदा चुकल्यावर मी "द्या इकडं, तुम्हाला नाही जमणार" म्हणून तो हिसकावून घेते. तुम्ही चुलीपाशी, म्हणजे स्टोव्हपाशी, बोंबील तळत होतात. काकू गेल्यावर तुम्ही मागे न वळताच म्हणालात, "तिला जमत नाय, असं नाय. तुला सांगता येत नाय." मला इतका राग आला की मी जेवले नाही. तुम्ही समजूत काढली नाहीत. ताट झाकून ठेवलंत, एवढंच.

आणि तुमचं सांगणं कसं असतं ते मी आधी पाहिलेलं होतं. शाळा लवकर सुटली म्हणून मी तुमचा डबा घेऊन कापडाच्या कारखान्यात आले होते. तुम्ही बिहारहून आलेल्या एका नव्या माणसाला तुमच्या मोडक्या हिंदीत रंगाची मशीन शिकवत होतात. "पहिले ये," म्हणून एक बटण दाखवलंत आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. तो गोंधळतोय, तुमच्याकडे बघतोय, चुकीच्या बटणाकडे हात नेऊन मागे घेतोय. तुम्ही हलत नाही, बोलत नाही. शेवटी त्याने बरोबर बटण दाबलं, तेव्हा कुठे "अब ये." जेवताना मी विचारलं, तुम्हीच का नाही दाबलं? "मी दाबलं तर तो उद्यापण मलाच बोलवल. मग माजा डबा थंड."

सोमवारी मी अकराच्या अकरा स्क्रीन बाजूला ठेवल्या. नव्या आखणीत यंत्रच बोलतं. एक गोष्ट सांगतं आणि ती होईपर्यंत गप्प राहतं. वाचून दाखवायचं वाक्य काढून टाकलं. त्याऐवजी यंत्र विचारतं, 'दिवा लावायचा तर तुम्ही काय म्हणाल?' समजलं नाही तर म्हणतं, 'मला नीट ऐकू आलं नाही, परत सांगाल का?' आमचे साहेब दोन आठवडे तयार नव्हते. ठरलेलं वाक्य नसेल तर यंत्र शिकणार कसं, हा त्यांचा मुद्दा. मी त्यांना आत्याची माफी सांगितली. तेव्हा ते म्हणाले, थोड्या घरांत लावून बघू. अकराच्या तीन स्क्रीन झाल्या.

पहिलं घर आत्याचं. या वेळी मी हात पाठीमागे धरून बसले, आणि सांगते, ते फार अवघड आहे. यंत्राने विचारल्यावर ती बराच वेळ विचार करत राहिली. मग तोंडावर हात ठेवून हसली आणि मासे विकायच्या खणखणीत आवाजात ओरडली, "बत्ती पेटव!" दिवा लागला. तिने तो आठ-दहा वेळा लावला-विझवला, शेजारणीला बोलावून दाखवला. आता दादा सांगतो, पंखा लवकर फिरला नाही तर ती यंत्राला शिव्या घालते.

हे पत्र माझ्या वहीतच राहील. एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "एकच सांगून थांबायचं, हे कुठे शिकलीस?" तुमच्या कारखान्याचं नाव ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "एका ऑनलाइन कोर्समध्ये." शेजारची मुलगी पेन काढून त्या कोर्सचं नाव विचारू लागली, आणि मी तिला म्हटलं, आता आठवत नाही.