आत्या, हात खाली कर

प्रिय आत्या,

आज सकाळी एक एसटीचा ड्रायव्हर आपल्या दारात आला. गाडी आंब्याखाली उभी, आतले पॅसेंजर माना बाहेर काढून बघतायत, आणि हा टोपी हातात घेऊन मला विचारतो, "शाळंपाशी हुभी असते ती बाई तुमच्याच घरातली का?" मी मशीनवर ब्लाउज शिवत होते. सुई तशीच कापडात राहिली. म्हटलं, होती. तर म्हणाला, "होती न्हाय, हाय. म्या परवा बगितली." पिशवीतला नारळ काढून त्याने उंबऱ्यावर ठेवला. माणूस घाटापलीकडचा. टोकावड्याच्या ढाब्यावर ड्रायव्हर लोक एकमेकांना सांगतात म्हणे, शाळेच्या वळणावर स्पीड सोडायचा, तिथे एक बाई पळी धरलेला हात वर करून उभी असते. जाता जाता तो आणखी एक गोष्ट बोलून गेला, ती शेवटी सांगते. आत्ताच लिहायला हात धजत नाही.

नारळ अजून उंबऱ्यावरच आहे. फोडवत नाही, फेकवतही नाही. म्हणून लिहायला बसले.

आधी मला रागच आला. जिवंतपणी तू हाच हात करत होतीस ना? शाळेतली खिचडी वाढून झाली, टोप घासून झाले, की शाळा सुटायच्या वेळी पदर खोचून रस्त्यावर यायचीस. अख्खा पाडा रस्त्याच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. पळी हातात तशीच. तेव्हा किती जण थांबले? हॉर्न मारत बाजूने काढायचे. एकाने काच खाली करून विचारलं होतं, "मरायचंय का म्हातारे?" घरी येऊन तू त्याची नक्कल करून दाखवलीस आणि आम्ही पोट धरून हसलो. आता तेच लोक नारळ ठेवतात. वळणावरच्या दगडाला शेंदूर लावलाय कुणी तरी, हिरव्या बांगड्याही वाहिल्यात. नवरा गेल्यावर तू माहेरी आलीस, मला आईविना पोरीला वाढवलंस, त्या सगळ्या वर्षांत तुझ्या हातात कधी काचेची बांगडी दिसली नाही. आणि आता ढिगाने हिरव्या. हसलीस की नाही?

रस्ता नवा झाला तेव्हा आपणच रोलरला हार घातला होता, आठवतं? जुन्या रस्त्याच्या नावाने आपण रोज बोटं मोडायचो. पण त्या खड्ड्यांतून ट्रकसुद्धा म्हशीसारखा डुलत जायचा. नवा रस्ता झाला, काळा, गुळगुळीत, आणि गाड्यांना पाय जमिनीला लावायचं भान राहिलं नाही. शनिवार सगळ्यात वाईट. शनिवारी सकाळची शाळा, ती सुटायची वेळ आणि माळशेजला फिरायला निघालेल्या गाड्यांची वेळ एकच. "शनवार आला का पोटात गोला येतो गो माज्या," म्हणायचीस. मी म्हणायचे, मास्तर आहेत की, तू कशाला जीव काढतेस? "मास्तरला दोनच हात, त्यातल्या एकात मोबाइल."

तोही शनिवारच होता. पोरं सगळी अलीकडे आली होती. तुझं काम झालं होतं. पण माझ्या अक्षूची एक चप्पल रस्त्यात राहिली आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. तू परत गेलीस. एका चपलेसाठी, आत्या. नवी घेतली असती गं आपण.

दहाव्याला नदीवर काय झालं ते तुला माहीत असणारच. पिंड ठेवला. झाडावर कावळेच कावळे, पण एक खाली उतरेल तर शपथ. दादा हात जोडून म्हणाला, "आत्या, तुजी शेली मी सांभालीन." कावळा ढिम्म. मी म्हटलं, अक्षूला शिकवीन, खूप शिकवीन. नाही. भाऊबंद म्हणाले, देवळाला तुझ्या नावाने घंटा बांधू. नाही. कुणी म्हणालं तुझी तंबाखूची डबी ठेवा, ती ठेवली. ऊन चढलं, भटजी चुळबुळ करायला लागले, शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही आंघोळी करून घरी आलो.

नदीवरून रस्ता दिसतो. त्या सगळ्या वेळात गाड्या सुसाट चालल्या होत्या, आमच्या डोळ्यांसमोर. पण रस्त्याचं काही बघू, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. आम्हाला वाटलं, बाईमाणूस आहे, तिचा जीव शेळीतच अडकणार.

तेव्हापासून पाड्यात कुजबुज सुरू झाली. कावळा शिवला नाय, बाय रस्त्यावरच राहिली. पाड्यातलं ढाब्यावर गेलं, ढाब्यावरचं घाटापलीकडे. मी भांडले सगळ्यांशी. म्हटलं, माझ्या आत्याला भूत करता, लाज नाही वाटत? पण मशीनवर बसले की मलाही ऐकू येतं. लांबून गाडी भरधाव येते, वळणावर गियर उतरतो, आवाज दबतो, शाळा मागे पडेपर्यंत दबलेलाच राहतो. दर वेळी मी मान वर करते. दिसत काही नाही. परक्या ड्रायव्हरांना दिसतेस आणि मला नाही, हे कुठलं गं वागणं?

गतिरोधकासाठी आम्ही बायका रस्तेवाल्यांच्या हापिसात गेलो होतो. साहेबाने खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्या स्पॉटला तर गाड्या आपोआप स्लो होतात, ताई. त्या बाई गेल्यानंतर एकही अपघात नाही. मग गतिरोधकाची गरज काय?" मला आधी कळलंच नाही. बाहेर पायरीवर आल्यावर कळलं. त्यांचं काम तू करतेस. ना पगार, ना सुट्टी. मेल्यावरही तुझी ड्युटी संपली नाही.

तरीही मी गप्प बसले असते. मनात म्हटलं असतं, चला, पोरं सुखरूप येतायत ना. पण गेल्या शनिवारी जे झालं त्याने माझी झोप गेली.

शाळा सुटली होती. मी दारात उभी होते. अक्षू पलीकडे सगळ्यांच्या पुढे. लांबून एक पांढरी गाडी आली, काचा बंद, आत गाणी. पहिल्यांदाच या रस्त्याला आलेली पोरं असावीत. त्यांना ना ढाबा माहीत, ना तू. गियर काही उतरला नाही. आणि अक्षू इकडे-तिकडे न बघता सरळ रस्त्यात उतरली. गाडी तिच्या दप्तराला चाटून गेली, पुढे जाऊन चाक खडीत घसरलं, आणि थांबलीसुद्धा नाही.

मी धावत जाऊन आधी तिच्या पाठीत धपाटा घातला, मग तिला पोटाशी धरलं. "आंधळी झालीस? बघता येत नाय?" ती रडलीसुद्धा नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "आये, आजीनं हात केला ना. मी रोज आजीनं हात केल्यावरच येते." मग मागे उभ्या पोरांकडे बोट दाखवलं. "आमी सगलीच."

मागची पोरं माना डोलावत होती.

आत्या, तू मनावर घेऊ नकोस, पण मी भांडायलाच बसले आहे. तुझा हात फक्त ओळखीच्यांना थांबवतो. ज्याने तुझी गोष्ट ऐकली तो घाबरून स्लो होतो. ज्याने ऐकली नाही त्याच्यासमोर तुझ्या हाताचं वजन काय? पोरांना हे कुठे कळतं? तू जिवंत होतीस तेव्हा ती तुझ्यावर जेवढा भरवसा ठेवायची तेवढाच आताही ठेवतात. माझी अक्षू तुझ्या हाताकडे बघत गाडीखाली जाईल. हे तुला चालेल का?

सोमवारपासून आम्ही बायका शाळा सुटायच्या वेळी रस्त्यावर असतो. माझ्याकडचं अस्तराचं लाल कापड दोन बांबूंना बांधलं, शाळा सुटली की आडवं धरतो, पोरं गेली की गुंडाळतो. ड्रायव्हर कुरकुरतात, पण थांबतात. पुन्हा हापिसात जाऊन सांगितलं की स्लो होतात त्या गाड्या आमच्या मेलेल्या माणसामुळे होतात, तुमच्यामुळे नाही. आणि साहेब येईपर्यंत त्यांच्याच पायरीवर बसून राहिलो. काल साहेब आले, टेप लावून मोजलं, शाळेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा मारून गेले. "होईल," म्हणाले. मी चुन्यावर विश्वास ठेवत नाही. डांबर पडलं की ठेवीन.

आता त्या ड्रायव्हरचं. जाता जाता तो वळला आणि म्हणाला, "परवा तुमी बी व्हत्या ना, लाल कापड धरून?" मी म्हटलं, मग मलाच बघितलं असेल तुम्ही. एवढं बोलून मला जरा हायसं वाटलं होतं. तर तो मान हलवत म्हणाला, "न्हाय. दोगी व्हत्या तुमी. तुमचं हात खाली, कापडाला. शेजारचीचा वर व्हता."

परवा माझ्या शेजारी कुणी नव्हतं, आत्या. कापडाचं दुसरं टोक रस्त्यापलीकडे होतं.

उद्या शनिवार. खिचडी करायला आलेली नवी बाई तुझी पळी वापरत नाही, खिळ्याला टांगून ठेवते. आज जाऊन मी ती मागून आणली. कापड दुसऱ्या कुणी धरेल. उद्यापासून रस्त्याच्या मधोमध मी उभी राहणार, पळी घेऊन, हात वर करून, आणि अक्षूला सांगून ठेवलंय की बघायचं ते आईच्या हाताकडे. डांबर पडेपर्यंत एक दिवस चुकवणार नाही. नदीवर जे बोलायला हवं होतं ते आता बोलते. रस्त्याचं आम्ही बघू. गतिरोधक झाला की कडेला पानावर खिचडीचा घास ठेवीन. तेव्हा तरी कावळ्याला पाठव. हा नारळही तेव्हाच फोडू.

तोवर एवढं माझं ऐक. हात खाली कर. दुखला असेल गं.

तुझी,
सुनी