चिकातला हिरवा

३ एप्रिल
पोचले एकदाची! प्रवासाने अंग नुसतं आंबून गेलंय, पण खोली बघितली आणि निम्मा शीण उतरला. वरचा मजला, मोठी खिडकी, तिला लागून चित्रं काढायचं टेबल, आणि चक्क दोन पलंग. दुसरा ठमीसाठी. दादाकडे माझी ही लेक आणि मी इतकी वर्षं राहिलो; वहिनी तोंडावर गोड, पण साखरेच्या डब्याला कुलूप. शाळेला सुट्टी लागली की ठमी इकडे येईल ती कायमची. मी या कामावर टिकले तर मायलेकींना आपलं म्हणावं असं छप्पर होईल. टिकायलाच हवं बाई.

५ एप्रिल
मालकीणबाई आज निवांत बोलल्या. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. वय झालंय, पण नजर सुईसारखी. बाईमाणूस एकटं रानात गेलं तर लोक तोंडावर वेडी म्हणायचे, त्या काळात यांनी हे अख्खं जंगल पालथं घातलं. तापाने फणफणत तंबूत पडून राहिल्या, पण टिपकागदात दाबलेल्या फांद्यांना बुरशी लागू दिली नाही. कागद स्वतःच्या पोटावर ठेवून सुकवले म्हणे. खालची कपाटं त्या वाळल्या झाडपाल्याने भरलीत, आणि कितीतरी झाडांना नाव यांनीच दिलंय.

एकच राहिलंय, काचघरातली वेल. तिचं फूल कोणी पाहिलेलं नाही, बाईंनीसुद्धा. फुलाशिवाय वेलीचं कूळ ठरत नाही. भर सभेत विद्वान मंडळी हसली होती, ही वेगळी जात वगैरे बाईंच्या मनाचे खेळ म्हणाली. सांगताना अजून आवाज कापतो त्यांचा. मला भडभडून आलं. तर माझं काम हे, की वेल जिवंत असताना पान न् पान रंगवायचं.

९ एप्रिल
या वेलीचा हिरवा काही केल्या जमेना. बाईंची पद्धत निराळी. पान चुरडून त्याचा चीक वाटीत घ्यायचा आणि त्यातच रंग कालवायचा. केलं, आणि अगदी हुबेहूब उतरला! कुंचल्याला ओठांनी टोक काढायची खोड आहे मला, चित्रशाळेत मार खाऊनही गेली नाही. बाईंनी पाहिलं तेव्हा ओशाळले. त्या म्हणाल्या, काढ की, त्याशिवाय का बारीक रेघ येते? मालकीण मिळावी तर अशी.

१७ एप्रिल
दमते फार. झोपून उठते तीच दमलेली. जेवण मातीसारखं लागतं, पाणी मात्र तांब्यामागून तांब्या. स्वयंपाकीण मावशी विचारत होत्या, पोटात विहीर खणलीस का गं? आणि गंमत म्हणजे उन्हात बसलं की बरं वाटतं. जन्मभर सावली शोधत फिरणारी मी!

२३ एप्रिल
मावशींच्या तोंडून निसटलं की माझ्या आधीचा चित्रकारही असाच पाणी प्यायचा. तो कुठे गेला विचारलं, तर भांडी घासायला लागल्या. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हात चांगला होता, दम कमी पडला.

२६ एप्रिल
जिभेखाली फोड आलाय. बाईंनी भिंग लावून पाहिला. मला धीर द्यायचा सोडून त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. आरशात बघितलं. फोड नाही, कोंब आहे. हिरवा.

२८ एप्रिल
काचघरात वेलीच्या बुंध्याला गोणपाट गुंडाळलेलं असतं. आज ते सोडलं. आत बुंधा नाही. आत माणूस आहे, बसलेला. वेल त्याच्या तोंडातून वर गेली आहे — अरे देवा. त्याच्या बोटांवर अजून रंग.

पळाले. फाटकापर्यंतसुद्धा पोचले नाही, पायांत त्राणच नाही. माळ्याने उचलून आणून पलंगावर ठेवलं.

२९ एप्रिल
उपटायला गेले. छातीपर्यंत कळ गेली. बाईंनी हात धरला, अगदी हळुवार. म्हणाल्या, मुळं खोल गेलीत, वेल तोडलीस तर तूही जाशील. तुझं वाईट व्हावं असं मनात नाही म्हणाल्या. तरुणपणी त्यांनी स्वतः वाट्याच्या वाट्या चीक प्यायला होता. त्यांच्यात रुजलीच नाही. हे सांगताना मात्र ओक्साबोक्शी रडल्या. मी त्यांचा राग करायला हवा. तेवढीही ताकद नाही.

आवाज गेला. बोलायला गेले की पानं हलतात.

१ मे
फुललं. फिकट पिवळं, आत जांभळी रेघ. बाई जमिनीवर बसून बघत राहिल्या, लहान मुलीसारख्या. मग माझ्यापुढे आरसा ठेवला, कागद ठेवला. मी रंगवलं. लाज वाटते लिहायला, पण जन्मात इतकं चांगलं चित्र काढलं नव्हतं.

वाटलं, झालं यांचं काम. आता ठमी येण्याआधी मरून गेले तरी चालेल.

२ मे
झालं नाही. बाईंनी फूल उलगडून तपासलं. म्हणाल्या, हे मादीफूल. नरफूल वेगळ्या वेलीवर येणार. चित्रकाराची वेल तर कधी फुललीच नाही. दुसरी वेल हवी, तीही तुझं फूल ताजं आहे तोवर, नाहीतर बी धरणार नाही. बी नसेल तर वेल संपली, आणि मी पुन्हा नवी रुजवायला जगत नाही, म्हणाल्या.

मग विचारलं, मुलीलाही चित्रकलेची आवड आहे ना?

माळ्याला स्टेशनवर धाडलंय. मावशींनी दुसऱ्या पलंगावर चादर घातली, माझ्याकडे न बघता. मी त्यांचा पदर धरला. त्यांनी सोडवून घेतला.

३ मे
गाडी आली. खाली ठमी हसतेय — बाईंना आजी म्हणतेय. मेली पहिल्यापासूनच अशी, कोणालाही लळा लावते — ओरडतेय मी, नुसती पानं —

माझं फूल आहे म्हणून ती हवी. फूलच नसलं तर तिची वेल बाईंना कशाला —

नुसतं फूल खुडलं तर दुसरं येईल, वेलच कापायला हवी. कात्री उशाशी आहे, कागद कापायची. बोथट. असू दे.

ठमे, हे वाच आणि मामाकडे परत जा. इथलं पाणीसुद्धा पिऊ नकोस. आई दमली होती म्हण, बाकी काही सांगू —

जिन्यावर हाका मारतेय. आले गं सोन्या —

अर्धी कापली. अजून थोडी —