डोंगर ठाण्याच्या बाजूला

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

हे पत्र मी पाठवणार नाही, कारण आईने मला शपथ घातलीय. पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये यार.

तू टांझानियाला नोकरीला गेल्यापासून आईचं एकच, "परक्या गावात मी हरवेन." तू सांगायचास, तुझ्या तिथल्या मोशी गावाच्या उत्तरेला किलिमांजारो डोंगर. ती विचारायची, "म्हणजे ईस्टला की वेस्टला?" शेवटी मीच म्हटलं, "आई, समज आपण मुलुंड स्टेशनात उभ्या आहोत. डोंगर ठाण्याच्या बाजूला."

झालं. आता मोशीच्या चौकातला घड्याळाचा मनोरा म्हणजे तिचं स्टेशन. बाजार घाटकोपरकडे, आणि जांभळ्या फुलांच्या झाडांची तुझी गल्ली ठाण्याकडे.

"आणि ढगांनी डोंगर झाकला तर?" मी विचारलं.

"तर विचारेन कुणालाही, ठाणे कुठे म्हणून," असं म्हणून ती स्वतःच हसत सुटली.

शनिवारी तिचं विमान आहे. एकटीच येतेय, तुला न कळवता. बॅगेत कपड्यांपेक्षा ज्वारीचं पीठ जास्त आहे.

दार वाजलं की आधी तिला मिठी मार. घर कसं सापडलं ते एवढ्यात विचारू नकोस, नाहीतर दारातच तुला मुलुंड स्टेशनपासून ऐकावं लागेल.

तुझी,
चेतना
मुलुंड ईस्ट