तांदळातलं नाव

कॉव्हेंट्री,
फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप आबांना,

सारजाचा आपल्या कुंभारी गावाच्या दिशेनं नमस्कार. मी खुशाल हाय. थंडी लई, पण कोट जाड हाय. आईचा गुडघा कसा हाय?

आता रागाचं. ह्यांनी इंग्लंडचं नागरिकत्व घेतलं. मला म्हणत्यात, तूबी अर्जावर सही कर. हितलं नागरिक झालं की भारताचा पासपोर्ट परत द्यावा लागतो, दोन्ही ठेवायला आपला कायदाच देत न्हाय. मी न्हाय म्हटलं, तर ह्यांनी तुमचं पत्र माझ्यापुढं टाकलं. ‘चि. कुमुदिनीस, जावई म्हणतील तसं कर.’

आबा, तुमीबी?

लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं कुमुदिनी लिवलं आन् सारजा संपली. मला कुणी इचारलं? तुमी तर हसत पेढे वाटत हुता. आता नावामागं देशबी देऊन टाकू व्हय?

पासपोर्ट मी ट्रंकेत, आईनं ओटीत घातलेल्या खणात गुंडाळून ठेवलाय. किल्ली गळ्यात हाय. सही करणार न्हाय.

जावयांना तसं तुमीच कळवा. आन् मला लिवाल तवा पाकिटावर माझं नाव लिवा. कुमुदिनीच्या नावाचं पत्र आलं तर मी फोडणार न्हाय.

तुमचीच,
सारजा